मातीचे मोल जाणणारा महात्मा

(एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष)

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असा एकही विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधून सापडणार नाही. दर वर्षी ११ एप्रिलला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो, भाषणे ऐकतो आणि घरी जातो. मुलींसाठी शाळा कोणी काढली, सत्यशोधक समाजाची स्थापना केव्हा झाली, हे प्रश्न आपण शाळेपासून सोडवीत आलो आहोत. मीही सोडविले, गुणही मिळविले. परंतु गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कुदळ हाती घेतली आणि मला एक निराळेच जोतीराव भेटले. डोंगराच्या मातीविषयी कळकळीने लिहिणारे, बांधबंदिस्तीचा विचार करणारे, ढेकूळ हातात घेऊन जमिनीची पारख करू शकणारे. त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत म्हणून हा लेख.

आमचे शिबिर बालाघाटाच्या एका डोंगरउतारावर होते. आमच्या गटाकडे समतल चर खोदण्याचे काम होते. एका ठिकाणी धावडा, बोराटी आणि सीताफळाची दाट झुडपे शिल्लक राहिली होती. तेथे खोदताना वरचा वीतभर थर काळाभोर, भुसभुशीत आणि कुजलेल्या पाल्याच्या वासाचा निघाला. त्याखाली चुनखडीचे पांढुरके खडे आणि त्याखाली मुरूम. तेथून दहाच पावलांवर एकही झुडूप नव्हते. तेथे तो काळा थरही नव्हता. पहिल्याच घावाला कुदळ दगडावर आपटली. डोंगर एक, कातळ एक, पाऊसही एक. मग माती दोन तऱ्हेची कशी, असे मी भूगोलाच्या सरांना विचारले. सरांनी त्या संध्याकाळी आम्हां सर्वांना बसवून डोंगरातील मातीची हकीकत सांगितली. पुढे ग्रंथालयात बसून मी ती आणखी वाचली.

जगात जेथे जेथे चुनखडकाचे डोंगर आहेत आणि त्यांवर जंगल आहे, तेथे एक विशेष प्रकारची माती आढळते. पावसाचे पाणी आणि मुळांच्या श्वासातून येणारा वायू यांचे मिळून सौम्य आम्ल तयार होते व त्यात चुनखडक हळूहळू विरघळतो. विरघळलेला बहुतेक भाग पाण्याबरोबर निघून जातो; मागे उरते ती थोडीशी चिकणमाती. म्हणून ही माती नेहमी उथळ असते. पण झाडांचा पाला तिच्यावर पडून कुजतो आणि चुन्यातील कॅल्शियम त्या कुजलेल्या सत्त्वाला चिकणमातीशी घट्ट बांधून ठेवते. त्यामुळे माती काळी, रवाळ आणि कसदार होते. तिचे दोषही आहेत. भेगांतून पाणी खाली निघून जाते, म्हणून ती लवकर सुकते. चुना फार झाला तर लोह व स्फुरद पिकाला मिळत नाहीत. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पोलंडमधील शेतकऱ्यांनी तिला रेंडझिना असे नाव दिले. नांगराचा फाळ खालच्या दगडांवर घासून जो आवाज होतो त्यावरून ते पडले आहे, असे सांगतात. जंगल तोडले की एवढासा थर धुपून जातो आणि पांढरा खडक उघडा पडतो. तो थर पुन्हा तयार होण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात.

आता कोणी म्हणेल, बीड जिल्ह्यात चुनखडकाचे डोंगर कोठे आहेत? ते खरेच आहे. आपल्या राज्यात तसे डोंगर पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा, कोरपना, जिवतीच्या बाजूला जावे लागते. आपला बालाघाट लाव्ह्याच्या काळ्या कातळाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. परंतु या कातळातही कॅल्शियम भरपूर असते. आपल्याकडे पाऊस कमी, त्यामुळे ते सगळे वाहून जात नाही; मातीत चुनखडीचे खडे होऊन साठते. विहीर खोदताना कातळाच्या पोकळीत जे चकाकणारे पांढरे स्फटिक सापडतात, त्यांपैकी झिओलाइट नावाच्या खनिजांतही कॅल्शियम असते. सह्याद्री आणि सातपुड्यात भरपूर पाऊस पडूनही काही ठिकाणी जंगलाखाली काळी, कसदार माती टिकून आहे. तिला ही खनिजेच कॅल्शियम पुरवीत राहतात, असे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे चुनखडकावरील जंगलाच्या मातीची ही आपल्याकडची बहीणच म्हणायची. झुडपाखालची ती वीतभर माती पाला आणि चुना या दोघांनी मिळून सांभाळली होती. पाला गेला तेथे नुसता चुना उरला.

हे वाचत असतानाच सरांनी मला जोतीरावांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचायला दिले. त्यात मातीचा हाच विचार पाहून मी थक्क झाले. एवढे ज्ञान या माणसाला आले कोठून, हे शोधावे म्हणून मी त्यांचे चरित्र पुन्हा वाचले, या वेळी परीक्षेसाठी नव्हे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन त्यांनी फुलांचा धंदा केला, पेशव्यांकडे फुले पुरविली. त्यावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लहानपणीच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण शिकून मुलगा बिघडेल, धंद्याला निकामी होईल असे लोकांनी मनात भरविल्यामुळे त्याला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

चरित्रकार या मधल्या वर्षांना खंड पडला असे म्हणतात. मला मात्र वाटते की, त्या वर्षांत जोतीराव दुसऱ्या शाळेत होते. वाफे बांधणे, पाणी धरणे, खत टाकणे, कोणत्या मातीत काय येते ते पाहणे, हे शिक्षण त्यांनी मळ्यात घेतले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. दहावीनंतर मलाही घरी बसविण्याचे ठरत होते. शेजारच्या एका गुरुजींनी अण्णांना समजाविले म्हणून मी येथे आहे. त्यामुळे गफार बेग मुनशींचे नाव वाचताना मी जरा थांबले.

पुढचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. १८४० मध्ये सावित्रीबाईंशी विवाह झाला. १८४८ मध्ये पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. पुढे अस्पृश्य मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. वार्षिक अंकासाठी लिहिणाऱ्या आम्हां मुलींची ती थोरली बहीणच होय. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले.

परंतु जोतीराव पोटासाठी काय करीत, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. ते शेतकरी होते आणि कंत्राटदारही होते. खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू असताना त्यांनी बांधकामाचे साहित्य पुरविले. त्या काळचे बांधकाम म्हणजे दगड आणि चुना. दख्खनमध्ये हा चुना बहुधा चुनखडीचे खडे गोळा करून, भट्टीत भाजून आणि घाणीत मळून तयार करीत. म्हणजे ज्या खड्यांनी आमच्या कुदळी बोथट केल्या, तसल्याच खड्यांचा चुना त्यांनी रोज पाहिला असला पाहिजे. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांची जमीन होती. खडकवासल्याचा कालवा आल्यावर इतर शेतकरी पाणी घेण्यास बिचकत असता त्यांनी ते घेऊन बागायत करून दाखविली. डोंगर फोडून दगड निघतो, धरणात पाणी साठते, पाण्याबरोबर गाळ येतो, ही सगळी साखळी त्यांनी पुस्तकात नव्हे तर कामावर उभे राहून पाहिली.

त्यातच १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ पडला. जोतीरावांनी सहकाऱ्यांच्या मदतीने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालविले. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८७८ साली सरकारने नवा जंगल कायदा केला. डोंगर, दऱ्या, चराऊ कुरणे जंगलखात्याकडे जाऊ लागली. ज्या गरिबाकडे जेमतेम जमीन होती, तो पूर्वी रानातली फळे, फुले, पाने, लाकूडफाटा आणि एखाददुसरी गाय यांवर वर्ष ढकलीत असे. ते रान त्याला बंद झाले. जोतीरावांना या गोष्टीचा अतिशय संताप आला.

तो संताप त्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून व्यक्त केला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखविला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. त्यांच्या हयातीत मात्र तो पूर्ण छापला गेला नाही. त्यात सावकार, भट, कुलकर्णी, साहेब अशा सर्वांवर कोरडे ओढलेले आहेत, ते प्रसिद्धच आहेत. पण शेवटी उपाय सांगताना ते मातीकडे वळतात. डोंगरटेकड्यांवरील गवत, झाडांची पानेफुले, मेलेले किडे आणि जनावरे यांचे कुजलेले सत्त्व वळवाच्या पावसाने धुपून ओढ्याला वाया जाते. ते जाऊ नये म्हणून सरकारने लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग तालीवजा बंधारे बांधून घ्यावेत आणि पाणी सर्व शेतांतून मुरून मगच नदीला मिळावे, असे ते सुचवितात. तळ्यांतला आणि नद्यांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, आणि गायराने गावांना परत करावीत, असेही त्यांनी मागितले.

योगायोग पाहा, याच १८८३ साली रशियात वासिली डोकुचायेव्ह या शास्त्रज्ञाने तेथील काळ्या मातीवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. माती म्हणजे नुसता कुटलेला दगड नव्हे. खडक, हवामान, झाडेप्राणी, जमिनीचा उतार आणि काळ या पाचांनी मिळून ती घडते, असे त्याने सिद्ध केले. त्याला आज मृदाशास्त्राचा जनक मानतात. या दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नाही. एकाने हजारो मैल फिरून मातीचे नमुने तपासले, दुसऱ्याने शेतकऱ्याची फाटकी झोळी तपासली. पण माती ही झाडाझुडपांची निर्मिती आहे, हे दोघांनीही ओळखले.

येथे मला एक शंका आली. डोंगरावरचे सत्त्व खाली शेतात यावे असे जोतीराव म्हणतात, तर मग डोंगर बोडका होणार नाही काय? सरांशी बोलल्यावर उलगडा झाला. जोवर डोंगरावर झाडे आहेत तोवर दर वर्षी नवा पाला पडतो, नवे सत्त्व तयार होते. त्यातले थोडे खाली येते, ते व्याज. वीतभर काळा थर डोंगरावरच राहतो, ते मुद्दल. जोतीराव व्याज वाया जाऊ देऊ नका म्हणत होते. आज आमच्या डोंगरावरून पहिल्या पावसात जे लोंढे येतात त्यात पाला नसतोच; मुरूम, खडे आणि चुनखडी असते. हे व्याज नव्हे, मुद्दलच चालले आहे. आणि जमिनीचे मुद्दल एकदा बुडाले की ते कोणत्याही सावकाराकडे मिळत नाही.

जोतीरावांच्या काळी आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा जंगल कायदा येथे लागू नव्हता आणि जोतीरावांनी आपल्या भागाविषयी लिहिलेलेही नाही. तरीही आमच्या घराची हकीकत त्यांच्या लिखाणापासून फार दूर नाही. आमची अडीच एकर जमीन डोंगराच्या पायथ्याला आणि एक तुकडा उतारावर आहे. आजी सांगते की, ती लग्न होऊन आली तेव्हा उतारावर झाडी होती व खालच्या रानात ज्वारी डोक्याएवढी येत असे. झाडी सरपणाला गेली, काही विकली गेली. तोडणारे आमचेच होते, हे आजी लपवीत नाही. १९७२ च्या दुष्काळात गावाचा पाझर तलाव झाला, त्यावर आजीने माती वाहिली. आता तो तलाव गाळाने अर्धा भरला आहे. तो गाळ म्हणजे आमच्याच डोंगराची आणि शेताची माती. शेतात पोटापुरते पिकेना म्हणून आई आणि अण्णा दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहून शिकले.

२०१७ साली राज्य शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. सुरुवातीला तलावातला गाळ शेतकऱ्याला फुकट, वाहतूक मात्र त्याची, असे होते. जोतीरावांची मागणी एवढ्या वर्षांनी का होईना ऐकली गेली, असे मला वाटले. पण वाहतुकीला पैसे कोठून आणायचे? तेव्हाच बाहेरगावचा एक माणूस अण्णांकडे आला. उतारावरच्या तुकड्यातला मुरूम खोदून नेतो, रोख पैसे देतो, असे तो म्हणाला. त्या पैशांत गाळ आणता येईल, शिवाय एक वर्ष उचल घ्यावी लागणार नाही, असा अण्णांचा हिशेब होता. हिशेब खोटा नव्हता.

मी अण्णांना व्याज आणि मुद्दलाची गोष्ट सांगितली. डोंगर विकून डोंगराचीच माती परत विकत आणण्यासारखे हे आहे, असे म्हटले. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की, तुझ्या पुस्तकातला तो माणूस ऊस तोडायला गेला होता काय? मला उत्तर देता आले नाही. जोतीराव ऊस तोडायला गेले नव्हते. पण २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात कसा राहतो ते त्यांनी राजपुत्राला सुनावले, एवढे मी सांगितले. अण्णांनी मान हलविली. मुरूमवाल्याला त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. फडावरून परत आल्यावर बघू, असे सांगून ते दिवाळीनंतर कारखान्याकडे निघून गेले.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने जोतीरावांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तक दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले. लिहिण्याचा हात गेला म्हणून त्यांनी काम थांबविले नाही, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या चरित्रात मोठी वाटते.

जोतीरावांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो, ते योग्यच आहे. पण ज्याने माणसातली उच्चनीचता मोडायला सांगितली, त्यानेच डोंगर आणि शेत यांचा एकच संसार आहे हेही सांगितले. आपल्या जिल्ह्यात जंगल फारच थोडे उरले आहे. जेथे झुडूप आहे तेथे अजून वीतभर काळी माती आहे, हे मी स्वतःच्या कुदळीने पाहिले आहे. तेवढी तरी आपल्या पिढीने राखली पाहिजे.

शिबिराहून येताना मी सीताफळाच्या बिया ओंजळभर आणल्या होत्या. बालाघाटाच्या खडकाळ, चुनखडीच्या जमिनीत सीताफळ तग धरते, हे बीडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मृगाचा पाऊस झाल्यावर आजीने आणि मी त्या उतारावरच्या तुकड्यात, दगडांचा आडवा बांध घालून, टोबल्या. निम्म्या उगवल्याच नाहीत, काही शेळ्यांनी खाल्ल्या. अकरा रोपे जगली आहेत. उन्हाळ्यात अण्णा फडावरून येतील तेव्हा मुरूमवाला पुन्हा येईलच. त्याआधी अण्णांनी ती अकरा रोपे पाहावीत, एवढीच माझी इच्छा आहे.